एका कामावरून दुसऱ्या कामावर : हस्तांतरणीय कौशल्यांच्या प्रश्नाचा आढावा

नोकरी शोधणाऱ्या माणसाजवळच्या कौशल्यांचे स्थूलमानाने दोन भाग पाडले जातात. पहिल्या भागात विशिष्ट यंत्राशी, मालाशी किंवा पेशाशी बांधलेली कौशल्ये येतात; साच्यावर कापड विणणे, लेथवर दांडा कातणे, रक्ताची चाचणी करणे ही त्यांची उदाहरणे होत. दुसऱ्या भागात माणसांशी बोलणे-वागणे, कामाचा क्रम लावणे, हिशेब ठेवणे, अडलेल्या कामातून वाट काढणे, चारचौघांबरोबर मिळून काम करणे अशी कौशल्ये येतात. ती एका कामावर कमावली तरी दुसऱ्या कामावरही उपयोगी पडावीत अशी अपेक्षा असते आणि म्हणून त्यांना हस्तांतरणीय कौशल्ये म्हटले जाते. ही अपेक्षा इतकी रूढ झाली आहे की रोजगार मेळाव्यांतील भाषणे, महाविद्यालयांतील प्लेसमेंट सेल, शासनाची कौशल्यविकास धोरणे आणि खासगी प्रशिक्षणवर्गांच्या जाहिराती या सर्वांना तिचाच आधार असतो. कौशल्य खरोखर किती हलते, कोणत्या अटींवर हलते आणि हलले तरी त्याचा मोबदला कोणाच्या पदरात पडतो, या तीन प्रश्नांना मानसशास्त्र, अर्थशास्त्र आणि श्रमाचा इतिहास यांनी दिलेली उत्तरे मात्र या भाषणांइतकी आश्वासक नाहीत.

भारतात या प्रश्नाला विशेष निकड आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीतील मानवविकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रोजगारविषयक अहवालानुसार देशातील बेरोजगार तरुणांमध्ये माध्यमिक किंवा त्याहून अधिक शिकलेल्यांचे प्रमाण २००० साली ५४.२ टक्के होते, ते २०२२ पर्यंत ६५.७ टक्क्यांवर गेले. त्याच अहवालात नमूद केल्याप्रमाणे सुमारे ७५ टक्के तरुणांना फाइल जोडून ईमेल पाठवता येत नाही, ६० टक्क्यांना फाइल कॉपी-पेस्ट करता येत नाही आणि ९० टक्क्यांना स्प्रेडशीटमध्ये गणिती सूत्र घालता येत नाही. हे आकडे ‘तरुणांकडे कौशल्यच नाही’ या ठराविक तक्रारीच्या पुष्ट्यर्थ वापरले जातात. परंतु त्यांतून प्रामुख्याने संगणकाशी आलेला वा न आलेला संबंध मोजला जातो, आणि ज्याच्या घरात कधी संगणक नव्हता त्याला स्प्रेडशीट येत नाही यात नवल काही नाही. मोबाइलवर पैशांची देवघेव करणारा, दुकानाचा उधारीचा हिशेब ठेवणारा किंवा शेतमालाचे भाव चार बाजारांत ताडून पाहणारा तरुण जे करतो, ते कार्यालयातील कामात का उतरत नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे मूळ मानसशास्त्रातील एका जुन्या वादात सापडते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोप-अमेरिकेतील शिक्षणव्यवस्था अशी समजूत बाळगून होती की लॅटिन किंवा भूमिती शिकल्याने एकूण बुद्धीलाच धार येते आणि ती पुढे कुठेही वापरता येते. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या समजुतीला तडा दिला. एका प्रकारच्या आकृत्यांचे क्षेत्रफळ अंदाजाने सांगण्याचा भरपूर सराव केलेल्या व्यक्तींना वेगळ्या आकाराच्या किंवा मापाच्या आकृत्यांचा अंदाज करताना त्या सरावाचा फारसा लाभ झाला नाही, असे त्यांना आढळले. यावरून त्यांनी असा सिद्धांत मांडला की दोन कामांमध्ये जेवढे घटक समान असतील तेवढेच शिकणे एकातून दुसऱ्यात जाते. चार्ल्स जड यांनी १९०८ मध्ये याला महत्त्वाची पुरवणी जोडली. पाण्याखाली ठेवलेल्या लक्ष्यावर नेम धरणाऱ्या मुलांच्या दोन गटांपैकी एकाला प्रकाशाच्या वक्रीभवनाचे तत्त्व आधी शिकवले होते. लक्ष्य बारा इंच खोलीवर असताना दोन्ही गट सारखेच ठरले, परंतु ते चार इंचांवर आणताच तत्त्व शिकलेली मुले पुढे निघून गेली. हातांना झालेला सराव एका खोलीपुरता असतो, त्यामागचे कारण कळले असेल तर तो बदलत्या परिस्थितीत टिकतो, हा या प्रयोगाचा निष्कर्ष आजही खोडला गेलेला नाही. पुढे १९८० च्या सुमारास मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी दाखवले की एका कोड्याचे उत्तर हाती असूनही त्याच धर्तीच्या दुसऱ्या कोड्यात ते थोड्यांनाच आपणहून सुचते, मात्र ‘आधीची गोष्ट इथे उपयोगी पडेल’ एवढी सूचना मिळताच बहुतेकांना सुचते.

या वादाचा भारतीय पुरावा अगदी अलीकडचा आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत विक्रीचे काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ही मुले वेगवेगळ्या वजनांच्या मालाची किंमत आणि परत द्यायची मोड तोंडी आणि अचूक काढत होती. तेच गणित वहीतल्या भागाकार-वजाबाकीच्या रूपात समोर ठेवल्यावर त्यांतील बहुतेक अडखळली. उलट शाळेत नियमित जाणाऱ्या, पण बाजारात काम न करणाऱ्या मुलांना पुस्तकी गणिते बरी जमत असूनही बाजारातील व्यवहाराचे हिशेब करताना तीच अडचण आली. ब्राझीलमधील रेसिफे शहरातील रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांबाबत असेच निरीक्षण १९८५ मध्ये नोंदले गेले होते. म्हणजे कौशल्य आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. ते ज्या रूपात विचारले जाते त्या रूपात ते ओळखू येते का, हेही पाहावे लागते, आणि नोकरीच्या लेखी परीक्षेत किंवा मुलाखतीत बहुधा शाळेचेच रूप विचारले जाते.

‘हस्तांतरणीय’ ही कल्पना रोजगाराच्या व्यवहारात आणली ती अमेरिकेच्या श्रम खात्याने. खात्याने १९३९ मध्ये व्यवसायांच्या नावांचा एक प्रचंड कोश प्रथम प्रसिद्ध केला. त्याच्या १९६५ च्या तिसऱ्या आवृत्तीत सिडनी फाइन यांच्या संशोधनावर आधारित अशी पद्धत आली की प्रत्येक काम तीन अंगांनी मोजावे : कामगार माहितीशी काय करतो, माणसांशी काय करतो आणि वस्तूंशी काय करतो. प्रत्येक अंगाला चढत्या-उतरत्या पायऱ्या होत्या; माणसांच्या अंगात मार्गदर्शन आणि वाटाघाट वर, तर सेवा आणि हाताखालची मदत तळाशी, आणि पायरी जितकी खालची तितका तिचा आकडा मोठा. या पद्धतीमुळे वरकरणी भिन्न असलेल्या दोन व्यवसायांतील साम्य आकड्यांत दाखवता येऊ लागले, जे बेकारांना नवे काम सुचवणाऱ्या अधिकाऱ्यांना फार सोयीचे होते. मात्र त्या आकड्यांत मोजणाऱ्यांचे पूर्वग्रहही उतरले होते. सत्तरच्या दशकात स्त्रीवादी अभ्यासकांनी दाखवून दिले की त्या आवृत्तीत लहान मुलांना सांभाळणाऱ्या व्यक्तीला ८७८ हा, तिन्ही अंगांनी जवळजवळ तळाचा आकडा दिला होता, तर कुत्र्यांना शिकवणाऱ्याला त्याहून कितीतरी वरची पायरी मिळाली होती. घरात जे काम बायका करतात त्याला कौशल्य लागते हेच वर्गीकरण करणाऱ्यांच्या लक्षात आले नव्हते. पुढच्या आवृत्तीत काही दुरुस्त्या झाल्या. दृष्टी किती बदलली हा प्रश्न वेगळा.

त्याच सुमारास हा विचार दोन वाटांनी लोकांपर्यंत गेला. रिचर्ड बोल्स या धर्मोपदेशकाने नोकरी गमावलेल्या सहकारी धर्मोपदेशकांसाठी १९७० मध्ये स्वतः छापलेली एक पुस्तिका पुढे लाखो प्रतींनी खपली, आणि आपण कोणत्या पदावर होतो हे सांगण्याऐवजी तिथे नेमकी कोणती क्रियापदे वापरत होतो हे लिहून काढण्याचा तिने दिलेला सल्ला नोकरीविषयक मार्गदर्शनाचा कायमचा भाग बनला. दुसरी वाट अमेरिकी लष्कराची. यंत्राशी फारसा संबंध नसलेल्या कामांचे प्रशिक्षण कसे द्यावे याचा विचार करण्यासाठी १९७२ मध्ये लष्कराने परिषद भरवली आणि अशा कामांसाठी ‘सॉफ्ट स्किल्स’ हा शब्दप्रयोग तेथून रूढ झाला. ते काम पाहणारे संशोधक पॉल व्हिटमोर यांचा निष्कर्ष असा होता की ज्या कामाचे टप्पे आपल्याला नीट ठाऊक असतात त्याला आपण ‘हार्ड’ म्हणतो आणि ज्याविषयी फार थोडे ठाऊक असते ते ‘सॉफ्ट’ या नावाखाली टाकतो. पन्नास वर्षांनंतरही प्रशिक्षणवर्गांच्या माहितीपत्रकांत या कबुलीचा मागमूस दिसत नाही.

अर्थशास्त्राने हाच प्रश्न पैशाच्या बाजूने विचारला. गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात सामान्य प्रशिक्षण आणि विशिष्ट प्रशिक्षण असा भेद केला. जे शिक्षण कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते त्याचा खर्च मालक सहसा करणार नाही, कारण शिकलेला कामगार उद्या शेजारच्या कारखान्यात जाईल, आणि म्हणून तो खर्च कामगारानेच कमी वेतनाच्या रूपाने सोसावा लागतो, असे त्यांचे तर्कशास्त्र होते. पुढील अभ्यासांनी या दोन टोकांमधला प्रदेश भरून काढला. पेनसिल्व्हेनियातील दीर्घकाळ एकाच ठिकाणी काम केलेल्या आणि कारखाना बंद पडल्याने बाहेर फेकल्या गेलेल्या कामगारांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा काही वर्षे उलटून गेल्यावरही त्यांचे उत्पन्न पूर्वीच्या मानाने सुमारे २५ टक्क्यांनी कमीच राहिल्याचे दिसले. जर्मनीतील नोंदींवरून क्रिस्टिना गाथमान आणि उटा शोनबर्ग यांनी २०१० मध्ये दाखवले की कामगार व्यवसाय बदलतात तेव्हा साधारणतः सारखी कामे असलेल्या व्यवसायातच जातात, आणि जितके अंतर कमी तितके वेतनाचे नुकसान कमी. थॉर्नडाइकचे ‘समान घटक’ शतकानंतर वेतनाच्या चिठ्ठीवर दिसू लागले, असे म्हणायला हरकत नाही. दुसरीकडे डेव्हिड डेमिंग यांनी २०१७ मध्ये असे मांडले की १९८० ते २०१२ या काळात अमेरिकेत माणसांशी सतत व्यवहार करावा लागणाऱ्या नोकऱ्यांचा वाटा जवळपास १२ टक्के-बिंदूंनी वाढला. यंत्रे ठरीव कामे उचलत गेली तसतसे एकमेकांचे काम समजून घेऊन वाटून करण्याचे मोल वाढले.

सरकारी याद्यांचा विस्ताराने विचार करण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९९१ चा श्रम खात्याच्या आयोगाचा अहवाल, ऑस्ट्रेलियात १९९२ ची मेयर समिती, जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्ये आणि भारतात २०१३ मध्ये अधिसूचित झालेली राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट, यांपैकी बहुतेकांत संवाद, अंकज्ञान, समस्या सोडवणे आणि सहकार्य ही चार नावे फिरून फिरून येतात. भारतीय चौकटीच्या मूळ रूपात प्रत्येक पातळीचे वर्णन प्रक्रिया, व्यावसायिक ज्ञान, व्यावसायिक कौशल्य, गाभा कौशल्य आणि जबाबदारी अशा पाच अंगांनी केले होते. यादी करणे सोपे असते. तिच्यातले कलम एखाद्या माणसाच्या अंगी आहे हे कोणी आणि कसे ठरवावे, यावर मात्र या अहवालांची पाने पातळ होत जातात.

मुंबईच्या गिरणगावाचा अनुभव या ठिकाणी जवळून पाहण्यासारखा आहे, कारण एवढ्या मोठ्या संख्येने कुशल कामगार एकाच वेळी कामाबाहेर पडल्याची दुसरी घटना महाराष्ट्राच्या इतिहासात नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत बहुतेक गिरण्या बंद झाल्या किंवा नावापुरत्या उरल्या. साचेखात्यातील विणकराचे काम बाहेरून एकसुरी दिसे. प्रत्यक्षात त्याला एकापेक्षा अधिक साच्यांवर नजर ठेवावी लागे, धोट्यातली कांडी संपत आल्याचे वेळीच ओळखावे लागे, ताण्याचा तुटलेला धागा हेरून गाठ मारून साचा पुन्हा चालू करावा लागे, आणि हे करत असताना शेजारच्या साच्याच्या आवाजातला बदलही कानांनी टिपावा लागे. फाइन यांच्या पद्धतीने पाहिले तर वस्तूंच्या अंगाने हे काम बरेच वरचे होते, माहितीच्या अंगाने मधले आणि माणसांच्या अंगाने खालचे. गिरणी सुटल्यावर यातले काय हलले? तोच साचा जिथे होता तिथे, म्हणजे भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावी, जवळजवळ सारे कौशल्य जसेच्या तसे उपयोगी पडले. गिरण्यांतून भंगाराच्या भावाने गेलेले साचेही तिथेच पुन्हा उभे राहिले होते. परंतु तिथे बारा तासांची पाळी होती, मजुरी मिटरावर होती आणि गिरणीतील भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस यांपैकी बहुतेकांना काही मिळत नव्हते. कौशल्य हलले, त्याची किंमत मागेच राहिली.

जे मुंबईतच थांबले त्यांच्यापैकी अनेकांनी भाजीची गाडी लावली, कोणी इमारतीच्या दारावर वॉचमन झाला, कोणी गावी शेतीकडे परतला. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी संकलित केलेल्या मौखिक इतिहासात अशा वाटचाली कामगारांच्याच तोंडून आल्या आहेत. वॉचमनच्या कामाला विणकराच्या कौशल्यापैकी एकच गोष्ट लागे, ती म्हणजे रात्रपाळीला जागे राहण्याची सवय. इथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. गिरणीत माणूस कामाला लागे तो जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या, ओळखीने. १९३५ मध्ये मालकसंघटनेने बदली कामगारांसाठी नोंदणीची पद्धत सुरू केल्यानंतर जॉबरची सद्दी कमी झाली तरी ओळखीचे महत्त्व संपले नाही. ती व्यवस्था अन्याय्य होती, लाचलुचपतीने पोखरलेली होती, तरीही ‘हा माणूस काम जाणतो’ असे सांगणारा कोणीतरी तिच्यात होता. गिरण्या गेल्या तेव्हा हा सांगणाराही गेला. नव्या मालकापुढे चाळिशीतला विणकर उभा राहिला तेव्हा त्याच्या वीस वर्षांच्या कामाचा कागदोपत्री पुरावा फार तर एक हजेरी कार्ड आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक एवढाच होता, आणि त्यावरून तो साच्यावर काय करत असे हे कोणालाही कळणे शक्य नव्हते.

गिरणगावातीलच खानावळवाल्या बायकांची कथा याच्या उलट बाजूची आहे. गावाकडे कुटुंब ठेवून एकट्याने राहणाऱ्या कामगारांना या बायका पाळ्यांच्या वेळा सांभाळून जेवू घालत. तीनही पाळ्यांच्या माणसांना ताजे अन्न देणे, वाण्याकडची उधारी आणि जेवणाऱ्यांकडची महिन्याची येणी यांचा मेळ बसवणे, पगार उशिरा झाला तर कोणाला थांबायचे आणि कोणाकडे तगादा लावायचा हे ठरवणे, यात खरेदी, साठा, पतपुरवठा आणि माणसांची पारख अशी चार खाती एकाच बाईच्या हाती असत. जनगणनेच्या रकान्यात मात्र ती गृहिणी होती आणि कर्जासाठी तिला सावकाराशिवाय दार नव्हते. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्यांना स्वयंपाक किंवा हिशेब शिकवावा लागला नाही. एकमेकींना जामीन राहणारा गट उभा करून त्यांच्या असलेल्या क्षमतेला बँकेला समजेल असे रूप द्यावे लागले. मंडळाने पुढे खानपान सेवेसारखे उद्योग चालवले.

कौशल्य नसणे आणि कौशल्याला साक्षीदार नसणे या दोन वेगळ्या अडचणी आहेत, हा भेद गेल्या पंधरा वर्षांतील क्षेत्रीय प्रयोगांनी आकड्यांत मांडला आहे. या प्रयोगांत इच्छुकांपैकी काहींना चिठ्ठी टाकून प्रशिक्षण दिले जाते आणि बाकीच्यांशी त्यांची तुलना केली जाते, जेणेकरून मुळातच हुशार असलेल्यांनी प्रशिक्षण घेतल्यामुळे निकाल चांगला दिसण्याचा धोका टळतो. जॉर्डनमध्ये महाविद्यालयीन पदविका घेतलेल्या तरुणींना संवाद, संघभावना आणि मुलाखतीची तयारी यांचे वर्ग दिले गेले. त्यांचा आत्मविश्वास वाढल्याच्या काही खुणा दिसल्या, पण नोकरी मिळण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. बंगळूरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना कामाच्या वेळेतच, वर्षभरात सुमारे ऐंशी तास, संवाद, वेळेचे नियोजन, अडचण सोडवणे असे विषय शिकवले, तेव्हा त्यांची उत्पादकता १३.५ टक्क्यांनी वाढली आणि मालकाचा खर्च थोड्याच महिन्यांत अनेक पटींनी वसूल झाला. दोन्हीकडचे विषय बरेचसे सारखे होते. फरक असा की बंगळूरची स्त्री आज शिकलेली गोष्ट उद्या सकाळी त्याच लाइनवर, त्याच सुपरवायझरपुढे वापरून पाहू शकत होती. मात्र तिचे वेतन वाढले ते नगण्य, कारण दुसऱ्या कोणत्याही कारखान्याला तिच्या या नव्या गुणांची खबर नव्हती. बेकर यांनी सामान्य प्रशिक्षणाचा लाभ कामगाराला मिळेल असे गृहीत धरले होते, ते इतर मालकांना त्याची माहिती असेल या अटीवरच खरे ठरते.

माहितीचा हा दुवा जोडून पाहण्याचे काम दक्षिण आफ्रिकेत झाले. जोहान्सबर्गमधील बेरोजगार तरुणांच्या अंकज्ञान, संवाद, नियोजन वगैरे चाचण्या घेऊन त्यांचे निकाल नावासह साध्या प्रमाणपत्रावर दिले, तेव्हा काम मिळालेल्यांचे प्रमाण सुमारे पाच टक्के-बिंदूंनी वाढले. तेच निकाल केवळ तरुणाला कळवले, मालकाला दाखवण्याजोगे प्रमाणपत्र दिले नाही, तर परिणाम बराच कमी राहिला. त्याच देशातील दुसऱ्या अभ्यासात आधीच्या मालकाचे शिफारसपत्र जोडलेल्या अर्जांना मुलाखतीसाठी बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी अधिक आढळले. यांपैकी एकाही तरुणाला नवे काही शिकवलेले नव्हते. हे निष्कर्ष परक्या देशातले आहेत आणि तेथील बाजाराची घडण वेगळी आहे हे खरे. तरीही प्रशिक्षणाच्या तासांवर कोट्यवधी खर्च करणाऱ्या आणि एका पानाच्या शिफारसपत्राकडे दुर्लक्ष करणाऱ्या योजनांनी त्यांची दखल घ्यायला हवी होती.

भारतात या साक्षीची जागा बरेचदा इंग्रजी घेते. २००५ च्या मानवविकास सर्वेक्षणावर आधारलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, शिक्षण व इतर बाबी सारख्या धरल्यावरही अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांचे तासाचे वेतन ती न येणाऱ्यांपेक्षा सरासरी ३४ टक्क्यांनी, तर थोडेफार बोलणाऱ्यांचे १३ टक्क्यांनी अधिक होते. परिणामी ‘संवादकौशल्य’ या सदराखाली इंग्रजीचेच वर्ग चालतात, आणि तालुक्याच्या गावी दहा वर्षे ग्राहकांशी मराठीतून, कधी कन्नड किंवा हिंदी मिसळून, यशस्वी व्यवहार केलेला माणूस स्वतःच्या अर्जात ‘संवादकौशल्य : सुधारण्याची गरज’ असे लिहून मोकळा होतो. याहून सूक्ष्म अडचण अशी की या कौशल्यांचा निवाडा मुलाखत घेणाऱ्याच्या मनाने होतो. फिलिप मॉस आणि ख्रिस टिली यांनी १९९६ मध्ये अमेरिकी मालकांच्या मुलाखतींवरून दाखवले की ‘वागणूक’ आणि ‘उत्साह’ यांविषयीच्या शेऱ्यांत कृष्णवर्णीय उमेदवारांबद्दलचे ग्रह मिसळलेले होते. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी २००७ मध्ये भारतीय कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून नोंदवले की गुणवत्तेचे नाव घेणारे हे अधिकारी उमेदवाराच्या ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ची चौकशी सर्रास करतात, आणि त्या प्रश्नाआडून जात व वर्ग आत येतात. कौशल्याची व्याख्या जितकी सैल, तितकी अशा प्रवेशाला जागा अधिक.

महाराष्ट्रात यापेक्षा वेगळा मार्ग धरलेले काही प्रयत्न आहेत. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथील मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात शाळा सुटलेली मुलेही अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशा चारही विभागांत फिरून प्रत्यक्ष काम करतात, आणि त्याच धर्तीवर शाळांतील मुले आठवड्यातून एक दिवस गावाला हवी असलेली सेवा पुरवतात. वेल्डिंग करताना अंदाजपत्रक काढावे लागते, ते काढताना गिऱ्हाइकाशी बोलावे लागते, आणि दर्जा घसरला तर त्याच गिऱ्हाइकाचे ऐकून घ्यावे लागते. नियोजन आणि संवाद यांचा वेगळा तास तिथे भरवावा लागत नाही. तेच सूत्र एका कामात चार वेळा वेगवेगळ्या मालावर भेटल्याने जड यांच्या प्रयोगातील मुलांप्रमाणे तत्त्वही हाती लागण्याची शक्यता वाढते. आयटीआयमध्ये मात्र रोजगारक्षमतेची कौशल्ये हा स्वतंत्र विषय म्हणून वर्कशॉपबाहेर, फळ्यापुढे शिकवला जातो.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने २०२४ पासून बारावी उत्तीर्णांना सहा हजार, आयटीआय वा पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये मासिक विद्यावेतन देऊन प्रत्यक्ष कार्यालयांत काम करण्याची संधी दिली. अशा योजनेचे खरे फलित विद्यावेतनापेक्षा शेवटी मिळणाऱ्या अनुभव प्रमाणपत्राच्या मजकुरावर ठरते. ‘अमुक काळ प्रशिक्षण घेतले, वर्तणूक समाधानकारक’ हा छापील मजकूर पुढच्या मालकाला काहीच सांगत नाही. आवक-जावक नोंदी स्वतंत्रपणे सांभाळल्या, रोज इतक्या अर्जदारांच्या कागदांची छाननी केली, अमुक नमुना संगणकावर तयार केला, असे वरिष्ठाच्या सहीने लिहिलेले चार ओळींचे पत्र बरेच सांगते. नोकरी शोधणाऱ्याने स्वतःच्या बायोडाटातही हीच पद्धत वापरावी, असे आजवरच्या पुराव्यावरून सुचवता येते : कौशल्याचे नाव लिहिण्याऐवजी काम, त्याचे प्रमाण आणि ते पाहिलेल्या माणसाचे नाव लिहावे. खानावळ चालवलेल्या बाईने ‘व्यवस्थापनकौशल्य’ लिहिले तर कोणी विश्वास ठेवणार नाही. तिने तीस माणसांचे दोन वेळचे जेवण, महिन्याची खरेदी आणि थकबाकीची वसुली लिहिली तर वाचणाऱ्याला उपाहारगृहाच्या भांडारातले काम दिसू लागते.

पूर्वी मिळवलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. तीत दीर्घ प्रशिक्षण न घेता चाचणी देऊन प्रमाणपत्र मिळवता येते. गवंडी, प्लंबर, सुतार यांच्यासाठी ही कल्पना मुळात योग्य आहे. अडचण अशी की यश प्रमाणपत्रांच्या संख्येत मोजले जाते, आणि ठेकेदाराने कामावर घेताना किंवा मजुरी ठरवताना ते प्रमाणपत्र कधी मागितले का, ही मोजणी योजनेच्या केंद्रस्थानी नाही. याची तुलना जर्मनीशी करता येते, आणि तिला महाराष्ट्राचा प्रत्यक्ष संदर्भ आहे, कारण २०२४ मध्ये राज्य शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला. जर्मनीत २०१२ पासून लागू असलेल्या मान्यता कायद्यानुसार परदेशातील पात्रता तेथील ठरावीक व्यवसायाशी कलमवार ताडली जाते. कमी पडणारे भाग लेखी कळवले जातात, तेवढेच शिकून पूर्ण मान्यता घेता येते, आणि प्रशिक्षणाची कागदपत्रे उपलब्ध होऊ शकत नसतील तर तज्ज्ञांपुढे प्रत्यक्ष काम करून दाखवण्याचीही तरतूद आहे. प्रक्रिया किचकट आहे, आणि तिच्या जोडीला जर्मन भाषा शिकावी लागते ती वेगळीच; पण निकालपत्र हाती आल्यावर तेथील मालक ते वाचतो, कारण त्याच्या स्वतःच्या कामगारांची पात्रताही त्याच व्यवसायाच्या मापाने ठरलेली असते. हा दरवाजा ज्यांनी मुळात कोणत्या तरी संस्थेत रीतसर प्रशिक्षण घेतले त्यांच्यासाठीच आहे. बापाच्या हाताखाली वायरिंग शिकलेला, कागद नसलेला तालुक्यातला वायरमन त्यातून जाऊ शकत नाही, आणि राज्यातील कुशल कामगारांत अशांची संख्या मोठी असल्याने त्यांचे काम मोजून त्यावर विश्वासार्ह सही करणारी यंत्रणा इथेच, ठेकेदारांना आणि गृहनिर्माण संस्थांना सहभागी करून, उभी करावी लागेल.